परसबागेतील शिंजीर

फुलापुढे हवेत स्थिर राहून मध शोषणारा हमिंगबर्ड हा पक्षी चित्रांमुळे आपल्या परिचयाचा झाला आहे. परंतु तो केवळ अमेरिका खंडांतील रहिवासी होय. आपल्याकडे तेच कार्य करणारा पक्षी म्हणजे शिंजीर, अर्थात सूर्यपक्षी. दोघांचे कूळ भिन्न आहे. शिंजीर क्वचित पंख फडफडवीत अधांतरी राहतो. एरवी तो डहाळीवर बसूनच मध घेतो.

महाराष्ट्रात जांभळा शिंजीर व जांभळ्या पाठीचा शिंजीर या दोन जाती गावोगाव आढळतात. पक्षी जेमतेम १० सेंटिमीटर लांब. चोच बारीक व बाकदार. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या हंगामात उन्हात नीलमण्यासारखा चमकतो. हंगाम सरला की तो मादीसारखा फिका दिसू लागतो. गळ्यापासून पोटापर्यंत एक काळसर पट्टा तेवढा उरतो.

त्यास परसात आणण्यासाठी साखरेचे पाणी ठेवण्याची आवश्यकता नाही. जास्वंद, कर्दळ, अडुळसा व शेवगा लावावा. बांधावर पांगारा असू द्यावा. मात्र शिंजीर केवळ मधावर जगत नाही. तो किडे व कोळीही खातो आणि पिलांचे पोषण मुख्यत्वे किड्यांवरच करतो. म्हणून फुलोऱ्यावर विषारी औषधांची फवारणी कटाक्षाने टाळावी.

आंब्यावरील बांडगुळाच्या फुलांचे परागसिंचनही शिंजीर करतो, हे खरे. तथापि त्याच्या चिकट बिया फांद्यांवर पसरविण्याचे काम मुख्यतः फुलटोचा पक्षी करतो. पक्ष्यांना हुसकावण्यापेक्षा फळे धरण्यापूर्वीच बांडगूळ फांदीच्या बाधित भागासह कापून टाकावे, हाच खरा उपाय होय.

मादी गवत, सालपटे व कोळ्याची जाळी गुंफून लोंबते घरटे बांधते. त्याचे द्वार बाजूस असून वर लहानशी पडवी असते. घरटे पुष्कळदा ओसरीच्या तारेवरही आढळते. त्यात बहुधा दोन अंडी असतात व ती सुमारे पंधरवड्यात उबतात.

छायाचित्र घेण्यास सकाळचे कोवळे ऊन उत्तम. सूर्य आपल्या पाठीशी असावा, म्हणजे पिसांची झळाळी उमटते. पक्ष्यामागे धावू नये. तो वारंवार येतो ते फूल हेरून कॅमेरा त्यावर रोखावा व आडोशास निश्चल बसावे. हालचाल टिपण्यास सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी अवधी ठेवावा.

घरट्याचे छायाचित्र घेण्याचा मोह मात्र आवरावा. आडव्या येणाऱ्या डहाळ्या तोडल्यास घरटे उघडे पडते व कावळ्यांच्या दृष्टीस येते. माणसाच्या सततच्या वर्दळीने मादी घरटे सोडूनही जाते. चित्र पुढील वर्षीही घेता येईल. परंतु गेलेली वीण परत येत नाही, हे प्रत्येक बागाईतदाराने ध्यानात ठेवावे.