चोर सोडून संन्याशाला फाशी!

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड भागात जीबीएसचे, म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, पेशंट एकदम वाढले. तेव्हा मेसमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न होता : पोट बिघडलं तर पाय कसे लुळे पडतात?

उत्तर मजेशीर नाही, पण समजून घेण्यासारखं आहे. आपल्या नसांच्या पेशींवर ‘जीएम१’ नावाचं ग्लायकोलिपिड असतं. त्याची चरबीची शेपटी पेशीच्या आवरणात रुतलेली आणि साखरेची साखळी बाहेर. दूषित पाण्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या चिकनमधून पोटात जाणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जीवाणूच्या काही प्रकारांच्या अंगावरही अगदी तशीच साखळी असते. शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. चोर मरतो, पण अँटिबॉडी तशाच फिरत राहतात आणि नसांवरच्या जीएम१ला जाऊन चिकटतात. नस जखमी होते, सिग्नल अडतो. व्हायरसनंतरही असं घडतं; सायटोमेगॅलोव्हायरसच्या काही पेशंटमध्ये ‘जीएम२’विरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या आहेत.

असं फार थोड्यांना होतं. पण जुलाब किंवा ताप गेल्यावर एक-तीन आठवड्यांत पायांना मुंग्या आल्या, जिना चढताना पाय लटपटले, तर सबमिशनचा थकवा समजून झोपू नका. लगेच हॉस्पिटल गाठा. श्वासाचे स्नायूही अडकू शकतात. आयव्हीआयजी किंवा प्लाझ्मा बदलण्याचा उपचार लवकर झालेला बरा. बहुतेक पेशंट सुधारतात, फक्त महिने लागतात.

आणि हो, जीबीएस एकापासून दुसऱ्याला लागत नाही. रूममेटला झाला तर लांब पळू नका, त्याला हात द्या.