आकडा वाढला, म्हणजे नेमकं काय वाढलं?

मागच्या व्याख्यानातलं एक देणं बाकी आहे, आधी ते सांगतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी गडचिरोलीहून आलेली एक मुलगी उभी राहिली. तिनं विचारलं, "सर, परिणाम सारखाच दिसतो, पण त्यामागची कारणं वेगवेगळी असू शकतात. मग या वेळी कोणतं कारण आहे, हे ओळखायचं कसं?" प्रश्न चांगला होता आणि अवघडही होता. मी एक विनोद केला. सभागृह हसलं, टाळ्या पडल्या, ती खाली बसली. घरी गेल्यावर लक्षात आलं की आपण उत्तर दिलंच नाही. ते आज देतो, आणि एका खेळातून देतो.

माझा नातू अमेरिकेत असतो. त्याला बेसबॉलचं वेड. मध्यंतरी फोनवर म्हणाला, "आजोबा, फलंदाज म्हातारा होतो तशा त्याच्या इनफील्ड हिट वाढल्या, असं कधी कधी दिसतं. पाय तर मंदावतात. मग वाढतात कशा?" मला आधी इनफील्ड हिट म्हणजे काय तेच समजून घ्यावं लागलं. तुम्हालाही थोडक्यात सांगतो.

बेसबॉलचं मैदान आतल्या बाजूला चौकोनी असतं. चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यात एक तळ, आणि एका तळापासून दुसरा ९० फुटांवर, म्हणजे साधारण साडेसत्तावीस मीटरवर. चेंडू मारला की फलंदाजानं पहिल्या तळाकडे पळत सुटायचं. चेंडू जमिनीवरून गेला आणि तो पोहोचायच्या आत पहिल्या तळावरच्या खेळाडूच्या हातात आला, की हा बाद. चेंडू आतल्या क्षेत्ररक्षकांना चुकवून पलीकडे गेला तर ती सरळ हिट. पण आतच अडला, आणि तरीही फलंदाज आधी पोहोचला, तर ती इनफील्ड हिट. एक फरक ध्यानात ठेवा, पुढे लागेल. क्रिकेटमध्ये चेंडू हळू लागला तर आपण पळत नाही, जागेवर उभे राहतो. बेसबॉलमध्ये ती सोय नाही. चेंडू मैदानात पडला की पळावंच लागतं.

आता कोडं सोडवू. ही शर्यत दोघांची आहे. एकीकडे माणूस, दुसरीकडे चेंडू. चपळ माणसाला पहिला तळ गाठायला चार सेकंदांच्या आसपास लागतात. जोरात मारलेला चेंडू अडला तर क्षेत्ररक्षकाच्या हातात पटकन येतो, फेकायला त्याच्याकडे भरपूर वेळ उरतो, माणूस बाद. पण वय झालं की बॅट किंचित उशिरा फिरते. चेंडू मधोमध बसत नाही, वरच्या अंगाला लागतो आणि रांगत जातो. क्षेत्ररक्षकाला पुढे धावत यावं लागतं, वाकावं लागतं, तोल सावरून फेकावं लागतं. माणसाचे पाय थोडे मंदावलेत खरे, पण चेंडू त्याहून जास्त मंदावलाय. म्हणून कधी कधी म्हातारा शर्यत जिंकतो. आपल्या ताकदीवर नाही, चेंडूच्या आळसावर.

हिशेब करून पाहू. आकडे मी समजावण्यापुरते मनाने घेतलेत. तरुणपणी जमिनीवरून मारलेल्या १०० चेंडूंपैकी २० पार गेले आणि ६ इनफील्ड हिट झाल्या. एकूण २६. म्हातारपणी १३ पार गेले आणि ९ इनफील्ड हिट झाल्या. एकूण २२. इनफील्ड हिट दीडपट झाल्या की नाही? पण बेरीज चारनं उतरली. जे सात चेंडू आधी पलीकडे जात होते ते आता आत अडतात. त्यांतले काही आणि इतर काही रांगणारे मिळून तीन जास्तीच्या इनफील्ड हिट झाल्या. वाढलेला आकडा ही कमाई नव्हती. गळतीतलं थोडं पाणी खाली बादलीत पडलं, एवढंच.

पण लगेच "इनफील्ड हिट म्हणजे म्हातारपण" असं सूत्र बांधू नका. जपानचा इचिरो सुझुकी डावखुरा फलंदाज. डावखुरा पहिल्या तळाच्या बाजूला उभा राहतो, त्याला पावलाचा फायदा मिळतो. त्यात हा चेंडू मारता मारताच त्या दिशेला निघालेला असायचा. २००४ साली, तिशीत, त्यानं एका मोसमात २६२ हिट करून १९२० पासूनचा २५७ चा विक्रम मोडला. त्यात इनफील्ड हिट भरपूर होत्या, आणि ती त्याची कला होती. म्हणजे नाव एकच, नोंदवहीतली खूण एकच. एकाची ती कला, दुसऱ्याची ती ओसरती ताकद. इथे त्या मुलीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ओळखायचं कसं?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. न्यायदर्शनात कार्यावरून कारणाचं अनुमान करतात, त्याला भाष्यकार वात्स्यायन शेषवत् अनुमान म्हणतो. उदाहरण नदीचं. नदी भरून वाहते आहे, तेव्हा वर पाऊस झाला असणार. न्यायसूत्रांतच यावर आक्षेप घेतलाय. नदी कुठे अडवली गेली तरी पाणी चढतं, मग तुमचं अनुमान खोटं पडतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला हा आक्षेप समजावून सांगावा लागत नाही. इकडे पावसाचा थेंब नसतो, तिकडे भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दचे दरवाजे उघडतात, आणि आपली वैनगंगा दुथडी भरते.

नैयायिकांचं उत्तर मला फार आवडतं. ते म्हणतात, दोष अनुमानाचा नाही, तुमच्या पाहण्याचा आहे. तुम्ही फक्त पाण्याची उंची पाहिली. पावसाचा पूर वेगळा असतो. त्याला वेग असतो, फेस असतो, तो वरून फळं, पानं, लाकडं घेऊन येतो. अडवलेल्या पाण्यात हे काही नसतं. म्हणजे एकट्या आकड्यावरून कारण कळत नाही. आकड्याबरोबर काय वाहत आलंय ते पाहावं लागतं.

मग वय झालेल्या माणसाच्या आकड्याबरोबर काय काय पाहायचं? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, एकूण बेरीज. इचिरोनं २००१ ते २०१० सलग दहा मोसम २०० च्या वर हिट केल्या. २०११ साली, सदतिसाव्या वर्षी, आकडा १८४ वर आला. त्यातल्या इनफील्ड हिट किती हे नंतर मोजा. बेरीज आधीच बोलली. आता आपल्या विदर्भाकडे या. वसीम जाफर मुंबईचा, २०१५ नंतर आपल्याकडून खेळला. मुंबईकडून २००८-०९ च्या रणजी मोसमात त्यानं १२६० धावा केल्या होत्या, वय तीस. विदर्भाकडून २०१८-१९ ला १०३७, वय चाळीस पूर्ण. त्याच्या आधीच्या मार्चमध्ये इराणी करंडकात जामठ्याला एका डावात २८६. आणि विदर्भ लागोपाठ दोनदा रणजी विजेता. इथे एखादा किरकोळ रकाना फुगलेला नाही, मुख्य रकानाच भरलेला आहे. पाऊस खरोखरच झालाय.

दुसरी, निवड. जे घडतंय ते मी निवडलंय, की माझ्यावर आलंय? सचिन तेंडुलकर ऑफस्टंपबाहेर कव्हर ड्राइव्ह मारताना बाद होत होता. जानेवारी २००४ मध्ये सिडनीला त्यानं तो फटका जवळजवळ बंदच ठेवला आणि नाबाद २४१ केल्या. फटके कमी झाले, ताकद नाही. म्हणून मघाशी म्हटलं, तो फरक ध्यानात ठेवा. क्रिकेटमध्ये चेंडू सोडता येतो, धाव नाकारता येते, म्हणून निवडीला जागा आहे. बेसबॉलच्या फलंदाजाला पळावंच लागतं, त्यामुळे त्याची दुर्बलताही नोंदवहीत हिट म्हणून चढू शकते.

तिसरी, भरपाई. गेलेल्याच्या जागी काय आणलं? १९८४ साली टिमथी सॉल्टहाउस या मानसशास्त्रज्ञानं १९ ते ७२ वयाच्या टंकलेखकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयाबरोबर बोटांची प्रतिक्रिया मंदावली होती, पण टंकलेखनाचा वेग उतरला नव्हता. कारण वयस्क मंडळी मजकुरात पुढची जास्त अक्षरं आधीच वाचून ठेवत होती. बोटांनी गमावलं ते डोळ्यांनी भरून काढलं. ही खरी भरपाई. रांगणाऱ्या चेंडूला भरपाई म्हणता येत नाही, तो नशिबाचा भाग.

आपल्या नागपूरचे सी. के. नायडू एकसष्टाव्या वर्षीही रणजी खेळले. अशी माणसं पाहिली की आपल्याला वाटतं, वय म्हणजे काहीच नाही. तसं नाही हो. वय आहेच. प्रश्न एवढाच, की वाढणाऱ्या प्रत्येक आकड्याला आपण अनुभव म्हणायचं का?

आता माझा हिशेब. निवृत्तीनंतर लोक म्हणतात, "सर, तुमचं बोलणं आता किती सोपं झालंय, लोक किती हसतात." ऐकून बरं वाटतं. पण तीन कसोट्या स्वतःला लावल्या, तेव्हा घाम फुटला. हशा वाढला, हे खरं. पण बेरीज? पूर्वी एका तासात एक कठीण युक्तिवाद शेवटापर्यंत न्यायचो, आता अर्ध्यावर गोष्ट सांगतो. निवड? काही ठिकाणी सोपं बोलणं मी निवडतो, त्याची मला लाज नाही. पण त्या दिवशी त्या मुलीसमोर मी सोपं निवडलं नव्हतं. उत्तर पटकन सुचलं नाही, बॅट उशिरा फिरली, चेंडू रांगत गेला आणि सभागृहानं मला पहिल्या तळावर पोहोचवलं. ती माझी इनफील्ड हिट होती.

भरपाई मात्र करता येते. पूर्वी मी उभ्या उभ्या उत्तर द्यायचो. आता प्रश्न वहीत लिहून घेतो, घरी नेतो, आणि पुढच्या वेळी उत्तर घेऊन येतो. आज तेच केलं. ती मुलगी आज इथे आहे की नाही, माझ्या डोळ्यांना इतक्या लांबून दिसत नाही. असेल तर तिनं आता उलटतपासणी घ्यावी. आणि मी पुन्हा विनोद केला, तर कुणी हसू नका.