मोटारीचा तळ आणि नियमाचे कलम

भरधाव जाणाऱ्या शर्यतीच्या मोटारीमागे हवा इतकी विस्कळीत होते की पाठोपाठ येणाऱ्या गाडीचे पंख, ज्यांचे काम तिला रस्त्यावर दाबून धरण्याचे असते, ऐन वळणावर दगा देतात, आणि अधिक वेगवान चालकालाही पुढच्या मंद गाडीमागे ताटकळत राहावे लागते. प्रेक्षकांची ही निराशा दूर करण्याच्या हेतूने आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने २००९ च्या फॉर्म्युला वन हंगामासाठी गाडीचे रूपच पालटून टाकणारे नियम जारी केले. पुढचा पंख १४०० वरून १८०० मिलिमीटर रुंद झाला, मागचा १००० वरून ७५० इतका अरुंद व उंच झाला, अंगावरची बारीकसारीक पाती उतरवली गेली, १९९८ पासून हद्दपार असलेले गुळगुळीत टायर परतले, आणि हंगाम चालू असताना चाचण्या घेण्यास मनाई झाली. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती साठवून एका फेरीत साडेसहा सेकंदांपुरती ८० अश्वशक्ती जादा देणारे ‘कर्स’ नावाचे यंत्र वापरण्याची मुभा मिळाली. मात्र त्याचे वजन ज्याचे त्याने वाहायचे.

या सर्व तजविजीत गाडीच्या तळाकडे महासंघाचे लक्ष कमी पडले, असे नाही. तळाच्या मागच्या टोकाला वर चढत जाणारा जो भाग असतो त्याला डिफ्यूझर म्हणतात. त्याखालून हवा पसरत बाहेर पडते, त्यामुळे तळाखालचा दाब घटतो आणि गाडी जमिनीकडे ओढली जाते. त्याची उंची १७५ मिलिमीटरच्या आत बांधून दिली होती, आणि खालून पाहता तळात छिद्र दिसता कामा नये, अशीही तरतूद होती. परंतु त्या काळी तळ एका पातळीत नसून दोन पातळ्यांत असे, व त्या दोहोंमध्ये उभी पायरी असे. दोन स्वतंत्र पृष्ठभागांमधील मोकळी जागा म्हणजे छिद्र नव्हे, असा अर्थ ज्यांनी लावला, त्यांनी त्या पायरीतून हवा वर घेऊन पहिल्या डिफ्यूझरवर दुसरा उभारला.

हा अर्थ लावणाऱ्या तीन संघांपैकी एकाची कथा विलक्षण आहे. होंडा कंपनीने २००८ ची गाडी हाताबाहेर गेल्याचे ओळखून आपले बहुतेक बळ पुढील वर्षाच्या गाडीवर लावले होते. परंतु त्या डिसेंबरात, आर्थिक मंदीच्या धक्क्याने, तिने या खेळातूनच अंग काढून घेतले. संघाचे प्रमुख रॉस ब्रॉन यांनी तो नाममात्र एका पौंडाला विकत घेतला, होंडाच्या इंजिनासाठी रेखलेल्या गाडीत मर्सिडीजचे इंजिन बसवले, आणि जाहिरातदारांच्या अभावी जवळजवळ कोरी पांढरी राहिलेली ती गाडी घेऊन ते मेलबर्नला पोहोचले. २९ मार्च रोजीच्या शर्यतीत त्यांच्या चालकांपैकी जेन्सन बटन पहिला व रुबेन्स बॅरिकेलो दुसरा आला.

शर्यतीपूर्वीच प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार गुदरली होती. ती फेटाळली गेल्यावर त्यांनी पॅरिसच्या अपील न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने एप्रिलच्या मध्यास निकाल दिला, आणि दुहेरी डिफ्यूझर कायदेशीर ठरला. नियमकर्त्यांचा हेतू गाडीला जमिनीकडे ओढणारे हवेचे बळ कमी करण्याचा होता, याविषयी कोणालाच शंका नव्हती. पण न्यायालयापुढे कलमाची अक्षरे होती, आणि अक्षरे ब्रॉन यांच्या बाजूने होती. मला हा निकाल योग्य वाटतो. हेतू ओळखून वागण्याची अपेक्षा शिष्टाचारात शोभते. लाखो पौंड ओतून गाडी रेखणाऱ्या अभियंत्याने मात्र जे लिहिले आहे तेवढेच मानावे.

तथापि सारे श्रेय त्या एका पायरीला देणे अन्यायाचे होईल. तोच डिफ्यूझर टोयोटा व विल्यम्स यांच्याकडेही होता, आणि त्या दोघांना वर्षभरात एकही विजय मिळाला नाही. उलट तो नसलेल्या रेड बुलच्या सेबास्टियन फेटेलने चीनमध्ये भर पावसात बाजी मारली. ब्रॉन यांची गाडी मुळातच उत्तम होती, कारण तिच्यावर इतरांहून अधिक काळ काम झाले होते. कर्सची गंमत निराळी. पहिल्या शर्यतींत हे यंत्र मिरवणारे फेरारी व मॅकलारेन मागे रखडले. पण उन्हाळ्यात हंगेरीत मॅकलारेनच्या लुइस हॅमिल्टनने त्याच्यासह शर्यत जिंकली, आणि बेल्जियममधील स्पा येथे, जिथे विजय मल्ल्या यांच्या फोर्स इंडिया संघाचा जियानकार्लो फिसिकेला अग्रस्थानावरून निघाला होता, तिथे फेरारीच्या किमी राइकोनेनने कर्सच्या बळावरच त्याला मागे टाकले. भारतीय नावाच्या त्या गाडीत कर्स नव्हते; ती एका सेकंदाहूनही कमी अंतराने दुसरी आली.

पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकलेल्या बटनला त्या हंगामात त्यानंतर एकही जिंकता आली नाही. पैशाची ओढाताण होती, चाचण्यांची मनाई होती, आणि इतर संघ दुहेरी डिफ्यूझर बसवून जवळ येत होते. तरी आरंभीची शिदोरी पुरली: १८ ऑक्टोबरला ब्राझीलमध्ये पाचवा येऊन त्याने जगज्जेतेपद निश्चित केले आणि त्याच दिवशी संघांचे अजिंक्यपदही ब्रॉन यांच्या पदरी पडले. नोव्हेंबरात मर्सिडीजने भागीदारासह त्या संघाचा ताबा घेतला. ज्या पायरीतून हवा वर जात होती, ती २०११ च्या नियमांनी बंद करण्यात आली.