हिऱ्याला रंग येतो कुठून?

मावळातल्या आंबीच्या बाजूला विहीर खणताना काळा पाषाण फुटतो आणि कधीकधी त्याच्या पोटातल्या पोकळीत हिरवट खडे लखलखतात. हिरा असेल का, असे कुणीतरी विचारतेच. चाकूच्या टोकाने हलकेच ओरखडून पाहावे. ओरखडा उमटला, तर तो हिरा नाही. अपोफिलाइट नावाचे खनिज असेल, तर त्याचा सपाट पापुद्रा निघतो आणि त्या पापुद्र्यावर मोत्यासारखी झाक दिसते.

मावळच्या पाषाणात हिरा मिळणार नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर पसरला. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि खनिजे विरघळलेले पाणी झिरपून तिथे स्फटिक वाढले. हिरा मात्र बहुधा दीडशे किलोमीटरहून खोल, प्रचंड दाबाखाली घडतो आणि किंबरलाइटसारख्या खडकातून वेगाने वर येतो. महाराष्ट्रात त्याचा माग काढायचा, तर गडचिरोलीतल्या वैरागडला जावे लागते. तिथल्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख ‘ऐन-ए-अकबरी’त आहे.

शुद्ध हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, आणि तो बिनरंगी असतो. त्र्यंबकेश्वरी असलेला आणि 1818 मध्ये इंग्रजांच्या हाती गेलेला ‘नासक’ हिरा तसाच. रंग येतो तो बहुतेकदा परक्या अणूमुळे. कार्बनच्या जागी नायट्रोजन शिरला की तो निळा प्रकाश शोषतो आणि हिरा पिवळा दिसतो. बोरॉन तांबडा प्रकाश शोषतो, म्हणून हिरा निळा होतो. त्यासाठी दहा लाख कार्बन अणूंमागे एखादा बोरॉन अणूही पुरतो. गोवळकोंड्याकडचा, आज वॉशिंग्टनमध्ये असलेला 45.52 कॅरटचा ‘होप’ हिरा असाच निळा आहे. अतिनील प्रकाश दाखवून दिवा मालवला, की तो काही क्षण निखाऱ्यासारखा तांबडा धगधगत राहतो.

हिरव्या हिऱ्याला बहुतेकदा खडकातल्या नैसर्गिक किरणोत्साराने रंग येतो. गुलाबी हिऱ्यात तर परका अणूही लागत नाही. जमिनीच्या पोटात दाबाने स्फटिकाची घडी मुरडते आणि त्या मुरडीतून रंग उमटतो. ऑस्ट्रेलियातली अर्गाइल ही अशा हिऱ्यांची सर्वांत मोठी खाण 2020 मध्ये बंद झाली.

पुणे परिसरातल्या अपोफिलाइटचा हिरवा रंग आणि वाघोलीच्या कॅव्हनसाइट या खनिजाचा गर्द निळा रंग, दोन्ही व्हॅनेडियमची करणी. बाजारात हिरा कुठे आणि ही गारगोटी कुठे! पण प्रकाशातला एक भाग गिळून उरलेला डोळ्यांना देण्याची रीत दोघांची एकच. म्हणून विहिरीतला तो हिरवट खडा खडीत टाकण्याआधी उन्हात धरून पाहावा. हिऱ्याच्या रंगाचा पहिला धडा त्यातच आहे.