अंगणातले झाड कोणाचे?

आंब्याची फांदी छपरावर आली, मुळांनी कुंपणाची भिंत तडकली, की घरमालक लाकूडतोड्याला बोलावतो. अंगण आपले, झाडही आपलेच! कायदा मात्र तसे मानत नाही. महाराष्ट्रातील शहरांत १९७५च्या कायद्यानुसार खासगी आवारातले झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. ते जाळणे किंवा त्याला इजा करणे हीसुद्धा तोडच. दिल्लीतही १९९४चा असाच कायदा आहे. महाराष्ट्रात २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले. शिवाय तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याचे बंधन आले. म्हणजे चाळीस वर्षांच्या आंब्यापोटी चाळीस रोपे! तेव्हा कुऱ्हाडीआधी पालिकेकडे अर्ज करावा. पुष्कळदा फांदी छाटण्याची परवानगी घेऊनही काम भागते, आणि आजोबांनी लावलेला आंबा नातवंडांसाठी उभा राहतो.