हे असं का? : अपडेट चालू असताना वीज का तोडायची नाही

मोबाइल अपडेट होताना ‘बंद करू नका’ अशी सूचना येते. सर्व्हरच्या बाबतीत तिचं मोल फार मोठं. वीज कधीही जाऊ शकते. भुसावळजवळच्या दीपनगरासारख्या औष्णिक केंद्रात, जिथं वीज तयार होते तिथंही, नियंत्रणाचे संगणक बॅटरीच्या आधारानं चालवतात.

सर्व्हरच्या पोटात आणखी एक छोटा संगणक असतो. सर्व्हर बंद असला तरी प्लगमधल्या विजेवर तो जागा राहतो, दुरूनही यंत्र चालू-बंद करतो. त्याचा मूळ प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, फ्लॅश चिपवर असतो. ही चिप छोट्या पाट्यांच्या चळतीसारखी: एखादंच अक्षर बदलायचं तरी आधी ती आख्खी पाटी पुसावी लागते. पुसून झालं, नवं लिहायचं राहिलं आणि वीज गेली, तर पुढं काय करायचं हे सांगणारं आत कुणीच उरत नाही.

म्हणून चांगल्या यंत्रांत दोन प्रती ठेवतात. नवी प्रत दुसऱ्या जागी लिहायची, ताडून पाहायची, मगच ‘आता इथून सुरू हो’ ही खूण बदलायची. तोवर जुनी शाबूत. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती ताडताना होणारी निर्मात्याच्या डिजिटल सहीची तपासणी: सही जुळली नाही, तर फाइल नाकारली जाते. इतके अधिकार असलेल्या या छोट्या संगणकात परका प्रोग्रॅम शिरला, तर सगळा सर्व्हरच त्याच्या हाती जातो.