कूपरेजचा पिवळा संघ

संपादकांना हवा होता इंग्लंडच्या खालच्या विभागांत धडपडणाऱ्या एखाद्या क्लबावरचा लेख. मी म्हटलं, तिकडचं तिकडे राहू द्या, आपल्याच राज्यात एक क्लब खाली घसरला आणि पुन्हा दिसलाच नाही, त्यावर लिहितो. इथे संभाजीनगरात आमखास मैदानावर फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना युरोपातले संघ तोंडपाठ असतात. मुंबई एफसीबद्दल विचारलं की उलट प्रश्न येतो, ‘मुंबई सिटी म्हणायचंय का?’ नाही. हा दुसरा.

एस्सेल समूहाने 2007 मध्ये क्लब काढला. पहिले प्रशिक्षक इंग्लंडचे डेव्हिड बूथ. पुढच्याच वर्षी संघ दुसऱ्या विभागातून आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या अव्वल फुटबॉल लीगमध्ये आला. जर्सी पिवळी, म्हणून पाठीराखे ‘यलो ब्रिगेड’. घर म्हणजे मुंबईतलं कूपरेज मैदान. तिथे पुढे कृत्रिम हिरवळ आली. या हिरवळीच्या पात्यांमध्ये रबराचे काळे कण भरलेले असतात. उन्हात ते तापतात, बुटातून चटका जाणवतो आणि घसरून पडलात तर कोपर सोललंच. मातीच्या मैदानाची सवय असलेल्याला चेंडूची उसळीही वेगळी वाटते.

पण या क्लबाची खरी गोष्ट खालिद जमील यांची. कुवेतमध्ये जन्मलेला हा मधल्या फळीचा खेळाडू महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया करत इथे आला, दुखापतींनी बेजार झाला आणि 2009 मध्ये याच संघाचा प्रशिक्षक झाला. हाताशी पैसा बेताचा, बडे खेळाडू दुसरीकडे. मग त्यांनी बचाव घट्ट केला, एखादा गोल निघाला तर उत्तम, नाही तर बरोबरी. बघायला रटाळ, हे मीही मान्य करतो. पण लीगमध्ये टिकून राहणं हेही एक कसब असतं, आणि टाळ्या त्याला कधीच मिळत नाहीत. बहुतेक हंगामांत तळाशी झटापट चाले, दरवर्षी मुंबई एफसी वाचे.

2016 मध्ये क्लबाने त्यांना निरोप दिला. कारभार आला संतोष कश्यप यांच्याकडे. जमील गेले मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे. तो संघ आदल्या हंगामात खाली घसरलेला, पण गोव्याच्या क्लबांनी लीग सोडल्यामुळे परत घेतलेला. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीचे खेळाडूही तिकडे गेले.

7 जानेवारी 2017 ला हंगाम सुरू झाला. दहा संघ, प्रत्येकाचे अठरा सामने, चार महिन्यांत सगळं उरकायचं. आज कूपरेज, पुढच्या आठवड्यात कोलकाता, मग शिलाँगची थंडी. मुंबईने पहिले दोन सामने जिंकले आणि वाटलं, बदल मानवला. त्यानंतर एकही विजय नाही. बरोबरी, हार, पुन्हा बरोबरी. जो बचाव सात हंगाम पुरला तोच आता फुटायचा. हंगाम अर्ध्यावर असताना कश्यप गेले, स्पेनचे ऑस्कर ब्रुझॉन आले. दुसऱ्याने बांधलेला संघ आणि हातात मोजके आठवडे, यात कुणी काय करणार? संघ तळाला राहिला आणि खाली गेला.

30 एप्रिलला शिलाँगमध्ये ऐझॉलने यजमान लाजाँगशी 1-1 बरोबरी साधली आणि 37 गुणांनी विजेतेपद घेतलं. मोहन बागान एका गुणाने मागे. मैदानाच्या कडेला उभे होते जमील. त्यांना हवा होता एकच गुण, आणि बरोबरी कशी राखायची हे ते कूपरेजवरच शिकले होते.

घसरलेला क्लब पुन्हा वर यायचा तर मालकाने दुसऱ्या विभागासाठी खिशात हात घालायला हवा, तोही प्रक्षेपणाच्या झगमगाटाशिवाय. शहरात 2014 पासून इंडियन सुपर लीगचा मुंबई सिटी होता, त्या लीगमधून कुणी खाली जात नसल्याने त्याला घसरण्याची भीतीच नव्हती. प्रायोजकाने कोणाकडे जावं? मुंबई एफसी बंद झाला. पुण्याचा डीएसके शिवाजियन्सही त्याच हंगामानंतर लीगमधून गेला. पुढच्या आय-लीगच्या गुणतक्त्यात महाराष्ट्राचा एकही क्लब नव्हता.